पुन्हा चालवलं की चालतं

कुठल्याही प्रोजेक्टमध्ये सगळ्यात पटकन बंद होणारं तक्रारीचं तिकीट म्हणजे ज्याच्याखाली ‘पुन्हा चालवलं, चाललं’ एवढंच लिहिलेलं असतं. रोज येणाऱ्या चुकीला कुणीतरी वाली भेटतो. ती डोळ्यांसमोरून हलत नाही, त्यामुळे तिचा छडा लागतोच. शे-दोनशे वेळा सगळं सुरळीत आणि मग एकदाच पडणारी चूक मात्र पोरकी राहते. ‘नेटवर्कचं काहीतरी असेल’ म्हणून ती ढकलली जाते. पण नेटवर्क म्हणजे नशीब नव्हे. तिथे घड्याळं आहेत, मुदती आहेत, आणि प्रत्येक मुदतीला ठरलेला आकडा आहे. अधूनमधून येणारी चूक खरं तर एका ठरावीक परिस्थितीत दर वेळी येते, फक्त ती परिस्थिती अधूनमधून जुळते. ती कोणती हे न शोधता नेटवर्कचं काम करणाऱ्या लायब्ररीभोवती, म्हणजे आयत्या कोडभोवती, रिट्राय (पडलं की आपोआप पुन्हा पाठवणं) गुंडाळला की चूक जात नाही, दिसेनाशी होते. आणि काही वेळा त्या रिट्रायपायी एकच काम दोनदा होतं.

एकच चूक जवळून पाहू, कारण या जातीतल्या बऱ्याच तक्रारी फिरून तिच्यापाशीच येतात. वेब सर्व्हरला विनंत्या पाठवणारी पायथनमधली रिक्वेस्ट्स लायब्ररी वापरणारा कोड आहे आणि लॉगमध्ये अधूनमधून ओळ दिसते: ‘कनेक्शन अबॉर्टेड, रिमोट एंड क्लोज्ड कनेक्शन विदाउट रिस्पॉन्स’, म्हणजे समोरच्याने उत्तर न देताच कनेक्शन बंद केलं. समोरच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये त्या विनंतीचा मागमूसही नाही. इकडचे म्हणतात तुम्ही कनेक्शन तोडलंत, तिकडचे म्हणतात आमच्याकडे काही आलंच नाही. दोघंही खरं बोलत असतात.

दर विनंतीला नवं टीसीपी कनेक्शन (दोन मशीनमधला दुवा) उघडायचं, त्यावर पुन्हा टीएलएसची, म्हणजे सांकेतिक संभाषणाची, बोलणी करायची, हा खर्च टाळण्यासाठी लायब्ररी काम झालेलं कनेक्शन मोडत नाही, पूलमध्ये, म्हणजे पुन्हा वापरायच्या साठ्यात, ठेवते. सर्व्हरला मात्र रिकामी कनेक्शनं कायम सांभाळणं परवडत नाही, म्हणून तो मुदत लावतो. वेगळं काही सांगितलं नाही तर नोड.जेएसच्या सर्व्हरची मुदत ५ सेकंद, अपाचीचीही ५, एनजिनएक्सची ७५. मुदत संपली की सर्व्हर फिन (समाप्तीचं) पॅकेट पाठवून कनेक्शन बंद करतो. हे पॅकेट आपल्यापर्यंत पोचलेलं असेल तर काहीच अडचण नाही. रिक्वेस्ट्सच्या पोटातली यूआरएललिब-३ पूलमधलं कनेक्शन वापरण्याआधी त्याचं आपल्याकडचं टोक, म्हणजे सॉकेट, तपासते, ते मेलेलं दिसलं तर गुपचूप नवं उघडते.

अडचण येते ती फिन वाटेत असताना. जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद लागतात असं धरा, म्हणजे एका बाजूने २०. सर्व्हरने कनेक्शन बंद केलं त्या क्षणाच्या आधीच्या २० मिलिसेकंदांत निघालेली विनंती पोचते तेव्हा दार लागलेलं असतं. त्यानंतरच्या २० मिलिसेकंदांत निघालेली विनंती बंद झाल्याची बातमी यायच्या आत निघालेली असते. म्हणजे धोक्याची खिडकी एकूण ४० मिलिसेकंदांची, बरोबर एका फेरीइतकी. त्या खिडकीत सापडलेल्या विनंतीला सर्व्हरचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) परस्पर रिसेट, म्हणजे कनेक्शन तोडल्याचं पॅकेट, पाठवतो किंवा आपल्याला आधी निघालेला फिनच वाचायला मिळतो. सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमपर्यंत विनंती जातच नाही, म्हणून त्याच्या लॉगमध्ये काही नसतं.

आता दर ५ सेकंदांनी स्टेटस विचारणारा एक जॉब समोर आणा. सर्व्हरची मुदत ५ सेकंद, जॉबची झोपही ५ सेकंद. सर्व्हरने उत्तर पाठवलं तो क्षण शून्य धरला, तर उत्तर आपल्याकडे २० मिलिसेकंदांनी येतं, जॉब ५ सेकंद झोपतो आणि पुढची विनंती ५.०२ सेकंदांना निघते. सर्व्हरचा फिन ५.०० ला निघून आपल्याकडे पोचतो तोही ५.०२ लाच. कधी तो आधी पोचतो, कधी विनंती आधी निघते. हा जॉब दिवसभर खिडकीच्या चौकटीवरच उभा असतो. कुणीतरी झोप ५ ची ७ करतं, चूक नाहीशी होते आणि कमिटमध्ये, म्हणजे कोडबदलाच्या नोंदीत, लिहिलं जातं ‘टायमिंग अ‍ॅडजस्ट केलं’. सहा महिन्यांनी दुसरं कुणीतरी सर्व्हरची मुदत वाढवतं आणि चूक परत येते. तेव्हा त्या ७ चा अर्थ सांगणारं कुणी उरलेलं नसतं. कोडमध्ये असा आकडा टाकताना त्याच्या शेजारी कारणाची एक ओळ लिहिणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

यावरचा खरा उपाय घड्याळांचा क्रम लावणं हा आहे: जो विनंती पाठवतो त्याने रिकामं कनेक्शन आधी सोडायचं. पाठवणाऱ्याची मुदत सर्व्हरपेक्षा कमी असली की सर्व्हर दार लावत असताना कुणी ठोठावायला जातच नाही. अमेझॉनच्या अ‍ॅप्लिकेशन लोड बॅलन्सरची (आलेल्या विनंत्या मागच्या सर्व्हरांत वाटणाऱ्या मध्यस्थाची) रिकाम्या कनेक्शनची मुदत ६० सेकंद असते आणि त्याच्यामागे नोडचा सर्व्हर ५ सेकंदांवर तसाच सोडलेला असतो. इथे पाठवणारा आहे लोड बॅलन्सर, आणि त्याचं घड्याळ बारा पट लांब. मग ग्राहकाला अधूनमधून ५०२, म्हणजे ‘मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर नाही’, दिसणारच. नोडचा कीप-अलाइव्ह टाइमआउट (रिकामं कनेक्शन धरून ठेवण्याची मुदत) ६५ सेकंद करायचा, आणि हेडर्स टाइमआउट (विनंतीचे हेडर्स यायची मुदत) त्याहून थोडा जास्त ठेवायचा, कारण नोडच्या काही जुन्या आवृत्त्यांत हा दुसरा काटा आधी वाजून तेच दुखणं परत आणत असे. पायथनमध्ये एचटीटीपीएक्स ही लायब्ररी वापरत असाल तर पूलमधल्या कनेक्शनची मुदत ठरवता येते, पण ती आपोआप ५ सेकंदच असते, म्हणजे नोडशी तंतोतंत जुळणारी. ती ४ किंवा त्याहून कमी करा. रिक्वेस्ट्समध्ये अशी मुदत द्यायची सोयच नाही. तिथे खिडकी उरतेच, आणि म्हणून तिथे रिट्राय हे खरोखरच योग्य औषध ठरतं. कोणत्या विनंतीला ते चालतं, हा पुढचा प्रश्न.

त्याआधी आकड्यांबद्दल थोडं, कारण इथे निदान करण्याची सगळ्यात हुकमी खूण आकडा हीच आहे. विनंती पडली की किती वेळाने पडली ते बघा. सरासरी नको, प्रत्येक पडलेल्या विनंतीचा वेगळा वेळ. तो १, ३ किंवा ७ सेकंदांच्या आसपास गोळा होत असेल तर कनेक्शन उघडतानाचं पहिलं पॅकेट हरवतंय. लिनक्सचे ६.५ आवृत्तीपूर्वीचे कर्नल ते १ सेकंदाने पुन्हा पाठवतात, मग दुप्पट थांबतात, म्हणून १, ३, ७, १५ असे टप्पे पडतात. नेमके ५ सेकंद जास्त लागत असतील तर बहुधा डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधणं: लिनक्सच्या ग्लिबसी या मूळ लायब्ररीमध्ये नावाची चौकशी अनुत्तरित राहिली की ५ सेकंदांनी ती पुन्हा केली जाते. अनेक मशीनवर प्रोग्रॅम चालवणाऱ्या कुबरनेटिसमध्ये तर हे फार पाहायला मिळालं. आयपीव्ही-४ आणि आयपीव्ही-६ या दोन्ही पत्त्यांची चौकशी एकाच सॉकेटवरून एकाच वेळी निघते, कर्नलच्या कनेक्शन-नोंदवहीत दोघींची टक्कर होते आणि एक पॅकेट गळतं. ही चौकशी करणाऱ्या रिझॉल्व्हरला ‘सिंगल-रिक्वेस्ट-रीओपन’ हा पर्याय दिला किंवा प्रत्येक मशीनवर स्थानिक डीएनएस कॅशे बसवला की ते ५ सेकंद जातात.

विनंती १५ मिनिटांहून थोडा जास्त वेळ लटकून मग पडत असेल, तर मध्ये कुणीतरी कनेक्शन विसरलेलं आहे आणि विसरल्याचं सांगितलेलं नाही. अमेझॉनचं नॅट गेटवे (खासगी नेटवर्कचं बाहेर जायचं दार) ३५० सेकंद शांत राहिलेलं कनेक्शन विसरतं, अझुरच्या लोड बॅलन्सरची मुदत वेगळं काही सांगितलं नाही तर ४ मिनिटं असते. काही उपकरणं नंतर आलेल्या पॅकेटला निदान रिसेट तरी देतात, काही ते पॅकेट नुसतं गिळून टाकतात. गिळलं तर लिनक्स तेच पॅकेट १५ वेळा पुन्हा पाठवून पाहतो आणि त्यात साधारण ९२४ सेकंद जातात. टीसीपीचा स्वतःचा कीप-अलाइव्ह यातून वाचवेल असं वाटतं, पण लिनक्सवर त्याची पहिली चाचपणी आपोआप ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते. ती ६० ते १२० सेकंदांवर आणली तरच तिचा उपयोग.

आणि रोज सकाळी डेटाबेसवरची पहिलीच क्वेरी पडत असेल तर मायएसक्यूएल डेटाबेसची रिकाम्या कनेक्शनची मुदत, ‘वेट टाइमआउट’, आठवा: २८,८०० सेकंद, बरोबर आठ तास. रात्री कुणी फिरकलं नाही, सकाळी पूलमधलं पहिलं कनेक्शन मेलेलं. पायथनच्या एसक्यूएलअल्केमीमध्ये ‘पूल रीसायकल’ (जुनं कनेक्शन बदलण्याची मुदत) आठ तासांच्या बराच आत ठेवायचा किंवा ‘पूल प्री-पिंग’ (वापरण्याआधीची तपासणी) चालू करायचं. जावामध्ये हिकारीसीपी या पूलचा ‘मॅक्स लाइफटाइम’ (कनेक्शनचं कमाल आयुष्य) मुळातच ३० मिनिटं असतो. मध्ये एखादी फायरवॉल असेल आणि तिची मुदत याहून कमी असेल, तर तो तिच्याही खाली आणावा लागतो.

लायब्ररीला वेळेची मर्यादाच दिलेली नसेल तर मात्र यातला एकही आकडा नीट दिसत नाही, नुसता लटकलेला थ्रेड दिसतो. रिक्वेस्ट्स स्वतःहून कुठलीही मर्यादा लावत नाही. दोन वेगळ्या मर्यादा द्या, एक कनेक्शन जुळायला आणि एक वाचायला. तिच्याच कागदपत्रांत उदाहरण आहे ३.०५ आणि २७ सेकंद. पहिला आकडा तीनच्या पटीपेक्षा किंचित जास्त ठेवतात, म्हणजे हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवायला टीसीपीला संधी मिळते. आणि हे लक्षात ठेवा की वाचण्याची मर्यादा एका बाइटपासून पुढच्या बाइटपर्यंतची आहे, अख्ख्या उत्तराची नाही. दर २० सेकंदांनी एकेक बाइट सोडणारा सर्व्हर ही २७ सेकंदांची मर्यादा न मोडता तासभर अडकवून ठेवू शकतो. गो भाषेतल्या एचटीटीपी क्लायंटचा टाइमआउट मात्र अख्ख्या कामाचा असतो. एका लायब्ररीवरून दुसरीवर जाताना आकडा तोच ठेवला तरी अर्थ बदलतो तो असा.

आता रिट्राय. विनंती पडली याचे तीन वेगळे अर्थ होतात. एक, ती इथून गेलीच नाही. दोन, ती गेली, पण पुढे काय झालं ते कळलेलं नाही. तीन, समोरच्याने ती वाचून नकार दिला. पहिल्यात बिनधास्त पुन्हा पाठवा. तिसऱ्यात नकाराचं कारण वाचा: ४२९ (फार विनंत्या) किंवा ५०३ (सध्या सेवा नाही) सोबत ‘रिट्राय-आफ्टर’ आलं असेल तर सांगितलंय तितकं थांबा, ४०० (विनंतीच चुकीची) असेल तर शंभरदा पाठवूनही ४००च येणार. खरी कसोटी दुसऱ्या अर्थाची. आणि दुःख हे की बऱ्याच लायब्रऱ्या या तिन्हींना ‘नेटवर्क एरर’ असं एकच नाव देऊन मोकळ्या होतात. लायब्ररी लिहिणाऱ्याला जी गोष्ट नक्की माहीत होती, म्हणजे बाइट बाहेर पडले की नाही, तीच तो फेकून देतो, आणि वापरणाऱ्याला ती परत मिळवायचा कुठलाच मार्ग राहत नाही. कनेक्ट टाइमआउट आणि रीड टाइमआउट हे वेगळे अपवाद (एक्सेप्शन) ठेवणं ही रिक्वेस्ट्सची मोठीच मेहेरबानी आहे. पहिल्याबद्दल तर तिने स्पष्ट लिहून ठेवलंय की ही विनंती पुन्हा पाठवायला सुरक्षित.

गेट (वाचणं), पुट (ठेवणं), डिलीट (पुसणं) या विनंत्या दोनदा पोचल्या तरी शेवटची स्थिती तीच राहायला हवी असा एचटीटीपीचा करार आहे. पोस्टबद्दल, म्हणजे नवं काही घडवणाऱ्या विनंतीबद्दल, असं कुणीच वचन दिलेलं नाही. म्हणून यूआरएललिब-३ पोस्ट आपणहून पुन्हा पाठवत नाही, आणि तिला तसं करायला लावण्यापूर्वी दहादा विचार करा. बाकीच्यांसाठी रिक्वेस्ट्सच्या सेशनला अडॅप्टर लावून रिट्राय ऑब्जेक्ट द्यायचा: पहिल्यानंतर एकूण ३ फेरप्रयत्न, बॅकऑफ फॅक्टर (थांबा वाढवण्याचं माप) ०.५, स्टेटसच्या यादीत ४२९, ५०२, ५०३, ५०४. ही यादी आपण दिली नाही तर ती रिकामीच असते आणि ५०२ तसेच अंगावर येतात. या मापाने थांबे पडतात शून्य, १ आणि २ सेकंद. पहिला थांबा शून्य हे वर सांगितलेल्या शिळ्या कनेक्शनसाठी अगदी योग्य आहे, कारण तिथे सर्व्हर धडधाकट असतो, फक्त नवं कनेक्शन हवं असतं.

पोस्टला सुरक्षित करायचं तर विनंतीला ओळख द्यावी लागते. पैशांच्या एपीआयमध्ये ही आयडेम्पोटन्सी-की आता रूढ आहे. ऑनलाइन पैसे घेण्याची सेवा देणारी स्ट्राइप ती किमान २४ तास लक्षात ठेवते. इथे दोन ठिकाणी हमखास घसरायला होतं. की रिट्रायच्या लूपच्या आत तयार केली तर प्रत्येक प्रयत्नाला नवी ओळख मिळते आणि सगळा खटाटोप फुकट जातो. ती लूपच्या बाहेर, आणि प्रोसेस मध्येच मरू शकत असेल तर विनंती पाठवण्याआधी डेटाबेसमध्ये नोंदवून ठेवायला हवी. दुसरी जागा सर्व्हरकडची. कीची नोंद आणि प्रत्यक्ष काम एकाच डेटाबेस व्यवहारात (ट्रान्झॅक्शनमध्ये) झालं पाहिजे. आधी काम, मग नोंद असं केलं आणि मध्येच सर्व्हर पडला, तर पुढच्या प्रयत्नाला नोंद सापडत नाही आणि पैसे दुसऱ्यांदा जातात. कीवर युनिक इंडेक्स (तीच की दोनदा नोंदू न देणारा) ठेवा, म्हणजे त्याच कीच्या दोन विनंत्या एकाच वेळी आल्या तर दुसरीला ४०९ (टक्कर) देऊन थांबवता येतं.

एचटीटीपी/२ ने, म्हणजे एचटीटीपीच्या दुसऱ्या आवृत्तीने, २०१५ मध्ये या संदिग्धतेवर जे उत्तर काढलं ते मला फार आवडतं. सर्व्हर कनेक्शन बंद करताना ‘गो-अवे’ फ्रेम (छोटा संदेश) पाठवतो आणि तिच्यात शेवटच्या हाताळलेल्या स्ट्रीमचा, म्हणजे विनंतीच्या धारेचा, क्रमांक देतो. त्या क्रमांकापुढच्या विनंत्यांना मी हात लावलेला नाही, असं त्याने लेखी दिलेलं असतं. त्या मग पोस्ट असल्या तरी पुन्हा पाठवता येतात. क्लायंट लायब्ररी ही फ्रेम वाचून तो क्रमांक खरंच वापरते का, हे ती निवडताना तपासण्यासारखं आहे.

रिट्रायचा दुसरा धोका बेरजेचा नसून गुणाकाराचा आहे. मोबाइल अ‍ॅपमध्ये ३ प्रयत्न, गेटवेत ३, सर्व्हिसच्या लायब्ररीत ३, आणि खाली डेटाबेसवर एका टिचकीच्या २७ क्वेऱ्या. डेटाबेस हळू झाला म्हणून प्रयत्न पडले आणि पडलेल्या प्रयत्नांनीच त्याला आणखी दाबलं. आपल्याकडे १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय काही तास कोलमडलं, तेव्हा यूपीआय चालवणाऱ्या मुंबईच्या एनपीसीआयने नंतर दिलेलं कारण याच जातीचं होतं: काही बँकांकडून आलेला ‘चेक ट्रान्झॅक्शन’ (व्यवहाराची स्थिती विचारणाऱ्या) विनंत्यांचा पूर, जुन्या व्यवहारांसाठीसुद्धा पुन्हा पुन्हा. मूळ व्यवहारानंतर ९० सेकंद झाल्याशिवाय स्थिती विचारायची नाही आणि दोन तासांत तीनदाच विचारायची, अशी शिस्त मग पुढे आली. स्थिती विचारणं ही निव्वळ वाचनाची विनंती, कितीदाही केली तरी कुणाचे पैसे दुप्पट कापले जात नाहीत. सुरक्षित विनंतीसुद्धा यंत्रणा झोपवू शकते, हे त्या दिवशी देशाने पाहिलं.

म्हणून रिट्राय एकाच थरात असावा, शक्यतो जिथे कामाचा अर्थ माहीत आहे तिथे, आणि बाकीच्या थरांनी चूक जशीच्या तशी वर द्यावी. थांबा वाढता असावा आणि त्यात यदृच्छा असावी. नाहीतर एकाच क्षणी पडलेले हजार क्लायंट एकाच क्षणी परत येतात. मेटकाफ आणि बॉग्ज यांनी १९७६ मध्ये इथरनेटचं, म्हणजे एकाच तारेवर अनेक मशीन जोडण्याच्या पद्धतीचं, वर्णन प्रसिद्ध केलं त्यातच टक्कर झाल्यावर वाढत्या मर्यादेतला कुठलाही एक थांबा निवडण्याची युक्ती होती. पुढे ती प्रमाणित झाली तेव्हा १६ प्रयत्नांनंतर नाद सोडायचा हेही ठरलं. आज सोपं सूत्र असं: पाया १०० मिलिसेकंद, दर प्रयत्नाला दुप्पट, कमाल २० सेकंद, आणि शून्यापासून त्या मर्यादेपर्यंत कुठलाही एक आकडा. यूआरएललिब-३ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘बॅकऑफ जिटर’ (थांब्यातली यदृच्छा) आहे, पण तो आपण दिला नाही तर शून्यच. त्याबरोबर खर्चाची मर्यादाही हवी: रिट्राय एकूण विनंत्यांच्या १० टक्क्यांवर गेले की थांबायचं आणि चूक वर जाऊ द्यायची.

रिट्रायने यशस्वी झालेली विनंती लॉगमध्ये साध्या यशासारखी दिसू नये. प्रत्येक प्रयत्नाची एक ओळ हवी: कितवा प्रयत्न, कनेक्शन नवं की पूलमधलं, पूलमधलं असेल तर किती वेळ रिकामं होतं, आपल्या बाजूचा पोर्ट (कनेक्शनच्या टोकाचा क्रमांक) कोणता, किती मिलिसेकंदांनी पडलं, आणि मूळ अपवादाचं पूर्ण नाव. पोर्ट असला की दोन्हीकडच्या पॅकेट कॅप्चरमधून तेच कनेक्शन हुडकता येतं. रिकामेपणाचा वेळ असला तर शिळ्या कनेक्शनचं निदान एका क्वेरीत होतं: पडलेल्या सगळ्या विनंत्या ५ सेकंदांभोवती गोळा झालेल्या दिसतात. या एका रकान्यासाठी लायब्ररीत चार ओळी वाढवाव्या लागल्या तरी वाढवाव्यात.

चूक मुद्दाम घडवून पाहायची तर लिनक्सचं ‘टीसी’ हे साधन आणि त्यातलं नेटवर्क मुद्दाम बिघडवणारं ‘नेटएम’ पुरतं. चाचणीच्या मशीनवर १०० मिलिसेकंद उशीर आणि १ टक्का पॅकेट गळती लावली की लायब्ररीचं खरं वळण दिसायला लागतं. उशीर वाढवला की धोक्याची खिडकीही रुंदावते. जाण्याच्या वाटेवर १०० मिलिसेकंद वाढले म्हणजे ४० ची १४० झाली. नेमका रिसेट हवा असेल तर टॉक्सीप्रॉक्सी हा चाचणीचा मध्यस्थ मध्ये बसवून कनेक्शन हवं तेव्हा तोडता येतं.

आणि दुरुस्ती झाली असं म्हणण्यापूर्वी किती वेळा चालवून पाहायचं, याला हिशोब आहे. चूक दर २०० प्रयत्नांत एकदा येत असेल, तर ५० वेळा नीट चाललं याला जवळजवळ अर्थ नाही. दुरुस्ती मुळीच झाली नसती तरी ५० वेळा नीट चालण्याची शक्यता ७८ टक्के आहे. त्या २०० ची तिप्पट घ्या: ६०० वेळा ओळीने नीट चाललं तर ते निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आत येते. हे ६०० प्रयत्न करताना रिट्राय बंद ठेवा, आणि दोन विनंत्यांमधलं अंतर ज्या अंतराला चूक येत होती तेच ठेवा. लूप भरधाव फिरवला तर कनेक्शनला रिकामं राहायला वेळच मिळत नाही, आणि ६०० काय, ६०,००० वेळाही सगळं हिरवंच दिसेल.